यंत्रगुरूंचा तळवा

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कंपनीच्या ऑफिसात सकाळी सकाळी सगळी माणसं हात वर करून उभी होती. दरोडा पडला नव्हता. ईमेल बंद पडली होती.

भिंतीला टेकून विक्रीवाले, खिडकीपाशी हिशेबनीस, दाराशी गोदामातले दोघे, आणि मधोमध खुद्द मालक. सगळ्यांचे डोळे मिटलेले. कुणी खोकलंच तर मॅनेजर एक डोळा उघडून असा बघायचा की बिचाऱ्याचा पुढचा खोकला घशातच राहायचा. या मॅनेजरांना पाठीमागे सगळे 'होयबा' म्हणत. मालक म्हणाले आज उकडतंय, की हे भर थंडीत पंखा लावायचे.

मधल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपुढे राखाडी सूट आणि पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या कार्डावर ठळक अक्षरात 'यंत्रगुरू' आणि खाली बारीक अक्षरात 'संगणक-प्राणशक्ती सल्लागार' असं छापलेलं होतं. स्क्रीनवर ईमेलच्या प्रोग्रॅमची खिडकी पांढरीफटक पडली होती. त्या खिडकीसमोर गुरूंनी आपला उजवा तळवा धरला होता.

"यंत्रालाही मन असतं," गुरू आवाज घुमवून म्हणाले. "मन दुखावलं की ते मौन धरतं. तुम्ही म्हणता हँग झालं. मी म्हणतो रुसलं! हात लांब ठेवा. तुमच्या हातातली निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी त्याला सोसत नाही. आता श्वास घ्या... आणि सोडा. क्वांटमच्या पातळीवर सोडा!"

क्वांटमच्या पातळीवर श्वास कसा सोडतात हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी हिशेबनिसांनी आपल्या परीने जोरात सोडला.

बराच वेळ गेला. खांदे भरून आले, गोदामवाल्यांपैकी एकाला उभ्या उभ्या डुलकी लागली. आणि मग त्या पांढऱ्या खिडकीत रंग भरला. डावीकडे फोल्डर उमटले, उजवीकडे ईमेलची रांग भराभरा खाली उतरू लागली.

"आली! आली!" विक्रीवाले ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकांनी रुमाल काढून डोळे पुसले, ते बघून होयबांनीही पुसले.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकाच बाईंनी. दाराजवळच्या बाकावर पाहुण्या म्हणून बसलेल्या या बाई शाळेत विज्ञान शिकवत. वर्गात कुणी काहीही ठोकून दिलं की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला: "कशावरून?" मुलांनी त्यांचं नाव 'कशावरूनबाई' ठेवलं होतं, आणि ते नाव हळूहळू घरापर्यंत येऊन पोचलं होतं. आज त्या इथे आल्या होत्या त्या आपल्या वहिनीसाठी. होयबांनी वहिनीला निरोप दिला होता की उद्या हस्तपरीक्षा आहे, घरचं कुणीतरी सोबत आणा. दादा कामानिमित्त परगावी, म्हणून नणंद आली.

वहिनी या ऑफिसात पत्रव्यवहार बघायची. कंपनीचा एक सामाईक ईमेलचा पत्ता होता. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, चौकश्या, तक्रारी, सगळं त्या पत्त्यावर यायचं आणि वहिनी त्याला उत्तरं द्यायची. वर मालकांचे दोन नियम होते. ऑफिसातल्या कुणीही कुणालाही ईमेल पाठवली तरी तिची एक प्रत सामाईक पत्त्यावर गेलीच पाहिजे. आणि त्या पत्त्यावरची एकही ईमेल कधीही पुसायची नाही, कारण कधी कोणता पुरावा लागेल सांगता येत नाही. गोदामवाल्याने 'शिडी कुठे ठेवली' विचारलेलंही तिथे वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं होतं.

पुढे प्रोग्रॅम अडकायला लागला तेव्हा आधी एका मेकॅनिकला बोलावलं होतं. तो बघून म्हणाला, "ईमेलचा डबा जड झालाय. जुनं वेगळं काढून ठेवा, आणि उघडताना जरा दम धरा." मालकांना हे अजिबात पटलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचा आजार इतका किरकोळ कसा असेल? मोठ्या माणसाला सर्दी झाली तरी तिला भारदस्त नाव लागतं. मेकॅनिकला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं आणि होयबांच्या ओळखीने यंत्रगुरू आले. तेव्हापासून प्रोग्रॅम आधीपेक्षा जास्त अडकत होता, आणि गुरू त्याची 'शुद्धी' करायला आधीपेक्षा जास्त येत होते.

टाळ्या थांबल्यावर गुरूंनी हात उंचावला. "यंत्र मागच्या वेळीच बोललं माझ्याशी," ते म्हणाले. "म्हणालं, या घरात एक हात दोषी आहे. तो शोधू या."

हस्तपरीक्षा सुरू झाली. एकेकाने त्या मधल्या कॉम्प्युटरवर बसायचं, आपापला पासवर्ड घालायचा आणि आपापली ईमेल उघडायची. हिशेबनीस बसले. गुरू म्हणाले, "हात मांडीवर ठेवून शांत बसा." उघडली. विक्रीवाले एकामागून एक बसले, त्यांचीही उघडली. होयबा तर बसण्याआधी कीबोर्डच्या पाया पडले, त्यांचीही उघडली. मग वहिनी बसली. तिने सामाईक पत्ता उघडायला घेतला आणि खिडकी पांढरी पडली.

"बघा!" गुरू कडाडले. "दाबा बाई! परत दाबा! अजून एकदा! जोरात!"

वहिनी घाबरून दाबत राहिली. खिडकी पांढरीच राहिली. खोलीत कुजबुज पसरली, आणि वहिनीच्या शेजारी उभे असलेले दोघेजण हळूच एक पाऊल मागे सरकले. कशावरूनबाईंनी ते पाऊल बघितलं.

"बाईंचा हातगुण," गुरू खेदाने म्हणाले. "त्यांचा काही दोष नाही. हाताचा आहे."

"मग बाईंना गोदामात पाठवू," मालक म्हणाले.

"साहेब, गोदामातही इलेक्ट्रॉनिक काटे आहेत," होयबांनी काळजीने सांगितलं. "लाखमोलाचा माल आहे."

"खरंच की. बाई, तुम्ही पुढच्या शुद्धीपर्यंत घरीच थांबा. उद्या येऊन मॅनेजरांना काम समजावून द्या. पुढच्या वेळी गुरू आले की तुमचं कायमचं काय ते ठरवू."

"कशावरून?" बाकावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. कशावरूनबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "हात दोषी आहे, हे कशावरून? सगळ्यांनी आपापला डबा उघडला, हिने सगळ्या ऑफिसचा. त्यांना म्हणालात शांत बसा, हिला म्हणालात दाबत राहा. ही कसली परीक्षा?"

गुरू मंद हसले. "अश्रद्धेची फ्रिक्वेन्सी फार तीक्ष्ण असते. यांना जरा बाहेर बसवा."

होयबांनी त्यांना बाहेर बसवलं. मोठ्या आदराने, दंडाला धरून.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर वहिनी स्वयंपाकघरात नुसती उभी होती. मग तिने मुलीला हाक मारली. "अगं, जरा फ्रीज उघडून दूध दे."

"तू उघड ना, तू तिथेच तर उभी आहेस!"

"मला... माझा हात नको लागायला. महागाचा आहे."

कशावरूनबाईंनी ते ऐकलं. नोकरी जाणं वाईट, पण नोकरी दुसरी मिळते. चार माणसांचा संसार सरळ चालवणारी ही बाई स्वतःच्याच घरात स्वतःचा हात पाठीमागे लपवून उभी होती, हे त्यांना सहन होईना. सुनेचा पायगुण बघणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या, आता कॉम्प्युटर आला तर आपण हातगुण शोधून काढला. याला म्हणतात प्रगती! त्यांना रडू आलं आणि रागही आला, आणि त्यातला राग जास्त उपयोगाचा म्हणून त्यांनी तोच ठेवला.

"वहिनी, बस इथे. मला सांग, तो प्रोग्रॅम अडकतो तेव्हा नेमकं काय होतं?"

"काय होणार? पांढरा पडतो."

"पूर्ण पांढरा? कुठेच काही हलत नाही?"

वहिनीने आठवून बघितलं. "खाली एक पट्टी असते. अगदी बारीक. सरकते हळूहळू."

"आणि तू काय करतेस?"

"मी थांबते गं. पण होयबा ओरडतात, 'बसून काय राहिलात, दाबा!' मग दाबते. तरी नाही झालं की म्हणतात, 'बंद करून परत लावा.'"

"परत लावल्यावर पट्टी कुठून सुरू होते?"

"पहिल्यापासून," वहिनी म्हणाली.

"गुरू आले की काय करायला सांगतात?"

"सगळ्यांनी हात वर... कुणी हात लावायचा नाही..." वहिनीने नणंदेकडे बघितलं. "अगं बाई! म्हणजे ती पट्टी तेवढ्यात शेवटपर्यंत जाते!"

"जाणारच. आता दुसरं सांग. गुरू आल्यापासून त्रास वाढला, असं काल म्हणालीस. ते आल्यापासून ईमेलमध्ये नवीन काय झालं?"

"रक्षामुद्रा. म्हणजे त्यांच्या तळव्याचा फोटो. प्रत्येक ईमेलच्या खाली तो लावायचाच, असा मालकांचा हुकूम आहे. भलामोठा फोटो, तळव्यावरची रेघन् रेघ मोजता येते! आणि कुणी उत्तर दिलं की आधीच्या तळव्याखाली आणखी एक तळवा. लांबलचक बोलणं झालं की नुसते तळवेच तळवे."

"आणि त्या सगळ्याची एकेक प्रत तुझ्या डब्यात?"

"माझ्याच डब्यात."

"गुरूंच्या स्वतःच्या ईमेलखाली किती तळवे असतात?"

त्या दिवसात पहिल्यांदा वहिनीला हसू फुटलं. "एकही नाही. त्यांचं बिल येतं ना, ते अगदी कोरं येतं."

दुसऱ्या दिवशी काम समजावून द्यायला वहिनी ऑफिसात गेली तेव्हा कशावरूनबाई सोबत होत्या. सामाईक पत्ता आता होयबांच्या काचेच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरही लावलेला होता. केबिनचा पडदा मात्र सरकवून घेतलेला होता. वहिनीने दार उघडलं तर होयबा घामाघूम होऊन बटणं बडवत होते आणि समोरची खिडकी पांढरीफटक होती. कीबोर्डच्या पाया पडलेले ते निर्दोष हात!

"बाहेर बोलू नका," होयबा कुजबुजले. "माझ्याही हाताला दोष निघाला तर? मुलीचं लग्न व्हायचंय हो."

"नाही बोलत," कशावरूनबाई म्हणाल्या. "पण तुम्ही एक करा. हे बंद करा, चहा प्यायला जा आणि सावकाश या."

होयबा गेले. वहिनीने प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. खिडकी पांढरी पडली. ती उठायला लागली तेव्हा नणंदेने तिला खांद्याला धरून बसवलं. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. दोघी जुन्या शेजारणीबद्दल बोलल्या, दादाच्या घोरण्याबद्दल बोलल्या, आणि बोलता बोलता खिडकीत रंग भरला. चहा पिऊन आलेले होयबा दारातून ते बघत राहिले. यंत्रगुरू त्या वेळी तिसऱ्याच गावी कुणाचं तरी कपडे धुण्याचं मशीन शांत करत होते.

पुढची शुद्धी ठरल्या दिवशी झाली. पुन्हा सगळी मंडळी जमली, पुन्हा हात वर होऊ लागले. तेवढ्यात कशावरूनबाई मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझ्या वहिनीला आज कायमचं घालवणार आहात. त्याआधी एक परीक्षा माझीही होऊ द्या. तुम्ही वजनकाटे विकता. काटा खरा की खोटा, हे तुम्ही काट्याला विचारून ठरवता का?"

"छे! माहीत असलेलं वजन ठेवून बघतो," मालक बोलून गेले.

"मग तेच करू. सामाईक पत्ता दोन कॉम्प्युटरवर आहे. हा मधला आणि केबिनमधला. दोन्ही एकाच वेळी सुरू करू. मधल्यावर गुरूंनी कृपा करावी. केबिनचा पडदा उघडा, दाराला कुलूप आणि किल्ली तुमच्या खिशात. आत ना गुरू, ना श्रद्धा, ना अश्रद्धा."

गुरूंना हे आवडलं नाही, पण सगळं ऑफिस बघत होतं. तळवा पुढे झाला. श्वास घेतले, सोडले. बऱ्याच वेळाने मधली खिडकी उघडली. टाळ्या वाजणार तोच एक विक्रीवाला केबिनच्या काचेला नाक लावून ओरडला, "ही तर कधीचीच उघडलीय!"

गुरू जराही न डगमगता म्हणाले, "माझी शक्ती भिंतीपलीकडे जाते."

"उत्तम. आता दुसरी परीक्षा. हा परत सुरू करा. तुम्ही कृपा करा आणि मालक नेहमीसारखी बटणं दाबतील."

मालकांनी मनापासून बटणं दाबली. तळवा समोर, क्वांटम चालू, तरी खिडकी पांढरी ती पांढरीच. शेवटी गुरूच वैतागले. "अहो, मध्ये मध्ये दाबत राहिलात तर कसं उघडेल ते?"

आपण काय बोलून गेलो हे गुरूंच्या लक्षात यायला थोडा उशीर झाला.

"हेच," कशावरूनबाई म्हणाल्या. "हेच तो मेकॅनिक सांगून गेला होता. प्रोग्रॅम उघडताना सगळा डबा चाळतो आणि नीट रचतो. डबा जड, म्हणून वेळ लागतो. तेवढा वेळ तो पांढरा दिसतो, पण खाली पट्टी सरकत असते. आपण घाई करतो, दाबतो, कंटाळून बंद करतो, की काम परत पहिल्यापासून. गुरू काय करतात? सगळ्यांचे हात यंत्रापासून लांब ठेवतात. औषध तेवढंच आहे. बाकीचा नुसता आवाज. गेल्या आठवड्यात हे परगावी होते, तेव्हा वहिनीने याच हाताने केबिनमधला प्रोग्रॅम उघडून दाखवला. मॅनेजरसाहेब, खरं ना?"

होयबांनी मालकांकडे बघितलं, गुरूंकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता मान हलवली. "खरं आहे. आणि माझ्या हाताने अडकला होता."

"शक्ती दूरवरही पोचते," गुरू पुटपुटले.

"मग इथवर यायची दगदग कशाला करता?" गोदामवाला म्हणाला. "घरूनच पाठवत चला की!"

त्यावर जो हशा पिकला त्यात हिशेबनीससुद्धा होते. हशा ओसरल्यावर कशावरूनबाईंनी तळव्याचं विचारलं. डबा भरला तो याच तळव्यांनी. मग गुरूंच्या स्वतःच्या ईमेलखाली तळवा का नाही? गुरू म्हणाले, "आम्हाला रक्षणाची गरज नसते." पण तोवर त्यांनी बॅग उचलली होती. ती उचलताना पांढऱ्या बुटाखाली वायर अडकली आणि मधला कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. गुरूंनी त्याच्याकडे तळवा धरला नाही. ते सरळ दारातून बाहेर पडले.

मालक खुर्चीत बसले. "फसवलं हो आपल्याला," ते म्हणाले, जणू गुरूंना कुणी दुसऱ्यानेच बोलावलं होतं. "बाई, तुम्ही उद्यापासून कामावर या. आधी ते तळवे काढून टाका सगळे."

वायर परत लावली, कॉम्प्युटर सुरू झाला, सगळे दम धरून थांबले आणि प्रोग्रॅम उघडला. प्रत्येकाच्या नव्या ईमेलखाली आपोआप लागणारा तळवा काढायचा म्हणजे एक बटण दाबायचं. पण पुढे कुणी होईना.

"काढल्यावर काही झालं तर?" हिशेबनीस हळूच म्हणाले. "नाही, थोतांड आहे हे मला पटलंय. पण तरी."

मालकांनी घसा साफ केला. "बाई, तुम्हीच काढा सगळ्यांचे. म्हणजे... तुमच्या हाताचं आधीच तसं... तुम्हाला काय फरक पडतो?"

कशावरूनबाई बोलायला तोंड उघडणार होत्या. वहिनीने त्यांना हाताने थांबवलं आणि उठून उभी राहिली.

"साहेब, माझ्या हाताला काहीही झालेलं नाही. सगळं कळूनसुद्धा गेला आठवडाभर मी माझ्या घरातला दिवासुद्धा लावला नाही, मुलीला लावायला सांगत होते. का, तर तुम्ही सगळे हो म्हणालात. माझा तळवा मी काढते." तिने बटण दाबलं. "आता तुमचा तुम्ही काढा. मी दुसऱ्या कुणाचा काढणार नाही."

मालकांचं बोट बटणावर बराच वेळ घुटमळलं. मग त्यांनी डोळे मिटून दाबलं. छत कोसळलं नाही. रस्त्यावरून एक मोटार हॉर्न वाजवत गेली, तेवढंच. मग हिशेबनीस आले, विक्रीवाले आले, होयबा आले. वहिनी शेजारी उभी राहून प्रत्येकाला जागा दाखवत होती, आणि या वेळी तिच्यापासून कुणी पाऊल मागे घेतलं नाही.

यंत्रगुरू आज ना उद्या दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसात तळवा धरून बसतील, त्यांची काळजी आपण करू नये. आपली करावी. हस्तपरीक्षेच्या दिवशी त्या खोलीत शिकलेली, हिशेबी, वजनातला तिळाएवढा फरक पकडणारी माणसं होती. एका बाईचा हात दोषी ठरला तेव्हा त्यातल्या एकानेही विचारलं नाही की असं कसं. यंत्र अडकलं तर ते का अडकलं ते बघा, जाणत्याला विचारा, थोडं थांबा, पुन्हा करून बघा. आणि कुणी एखाद्या माणसाकडे बोट दाखवून दोषी म्हटलं, तर मान डोलावण्याआधी पुरावा मागा. तेवढ्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. गर्दीत एकट्याने तोंड उघडावं लागतं.